घरचं पाणी

सगीराच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची सासू लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून म्हणत आली होती. पण त्या गुरुवारी सकाळी सगीरानं जे चालवलं होतं, ते पाहून भिंगरीलासुद्धा घेरी आली असती. डब्यात भाजी घातली की नाही हे तिनं तीनदा झाकण उघडून पाहिलं. मुलीला, लाइबाला, कॉलेजला जाताना दोनदा खुदा हाफिज म्हटलं. आणि रोशन गेटजवळच्या त्या दोन खोल्यांतून बाहेर पडताना दाराशी झाकून ठेवलेल्या बादलीला अशी धडकली की पाणी हिंदकळून चपलेवर आलं.

"बघून चाल की गं!" अम्मी, म्हणजे सासू, कळवळली. अम्मीचं माहेर फुलंब्रीचं. त्यामुळं या घरात उर्दू आणि मराठी एकाच ताटात वाढली जायची. "नळाला अजून चार दिवस हायेत. सँपलची बादली हाय ती. आज जुमेरात, सँपल आणशील ना?"

"आणते, अम्मी. आज तपासणी आहे, दुवा करा."

"दुवा तर रोजचीच हाय," असं म्हणून अम्मीनं ओढणीखाली बोटं घालून डोकं खाजवलं. सगीरा तोवर अर्धा जिना उतरलेली होती.

तिची घाई उगाच नव्हती. चिकलठाण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये 'धावदोरा' नावाची संस्था होती आणि सगीरा तिथली उत्पादनप्रमुख. हे पद ऐकायला भारी वाटतं, पण सहा वर्षांपूर्वी हीच सगीरा गुलमंडीतल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावून देत होती. प्रेरणा नावाच्या मुलीनं तिला तिथून उचललं. प्रेरणाही फुलंब्रीकडचीच, शेतकऱ्याची पोर, समाजकार्य शिकून आलेली. शेंद्र्याच्या कारखान्यांत कामगारांचे जुने गणवेश ढिगानं टाकून दिले जातात, गुलमंडीच्या शिंप्यांकडं चिंध्यांची पोती पडून असतात. या दोन्हींच्या गोधड्या करायच्या, बायांना काम द्यायचं आणि कचराही कमी करायचा, असा तिचा विचार. विचार चांगला होता आणि चाललाही. आता तिथं त्रेचाळीस बाया होत्या आणि सगळ्यांची सगीरा ही 'आपा' होती.

एकच गोष्ट आडवी यायची, ती म्हणजे पाणी. कारखान्यातला गणवेश म्हणजे तेल आणि ग्रीस. तो धुतल्याशिवाय त्याला सुई लावता येत नाही, आणि एका गोधडीच्या कपड्यांना सुरुवातीला तीस लिटर पाणी लागायचं. ज्या शहरात नळ आठ-नऊ दिवसांनी तोंड दाखवतो, तिथं पर्यावरणाचं नाव घेऊन तीस लिटर ओतणं प्रेरणाला सलत होतं. तिनं टँकरच्या टाकीला मीटर बसवला. पुढं मुंबईची एक हॉटेल कंपनी तीन हजार गोधड्या घ्यायला तयार झाली. अट एकच. एका गोधडीमागं बारा लिटरच्या आत पाणी, आणि तसं प्रमाणपत्र.

ते साधून दिलं सगीरानं. तिनं भिंतीवर एक तक्ता लावला, त्यावर धुणाऱ्या बायांचे चार गट लिहिले आणि गुलमंडीतून टिकल्यांची पाकिटं आणली. आठवड्यात गोधडीमागचं पाणी बारा लिटरच्या आत राहिलं तर गटापुढं हिरवी टिकली, वर गेलं तर लाल. पहिल्या महिन्यात तक्ता लालेलाल झाला. दुसऱ्या महिन्यात हिरवळ उगवली. तिसऱ्यापासून आजतागायत एक लाल टिकली लागली नव्हती. अकरा लिटर! प्रेरणानं तिला मिठी मारली होती. सगीरानं त्या तक्त्याचा फोटो मोबाईलवर लावून ठेवला होता, आणि कुणी मोबाईल बघायला मागितला नाही तरी ती दाखवायची.

तर आज तीन वाजता तपासनीस येणार होता. साडेनऊला शेडमध्ये पाय ठेवते तोच प्रेरणाचा फोन.

"आपा, त्यांना एक धुणं समोर बघायचंय. नेहमीसारखं. आशाबाईंना सांगून ठेवा."

आशाबाई म्हणजे धुणाऱ्यांची म्होरकी. पण आशाबाई नव्हती. तिच्या गटातली एक बाई म्हणाली, "त्यांच्या गल्लीला पाणी हाय आज. दुपारून येतील."

ज्याच्या गल्लीला पाणी, त्याला अर्ध्या दिवसाची सूट, हा संस्थेचा रिवाज होता. नळाच्या दिवशी बाईला कामावर बोलावणं म्हणजे लग्नातून नवरी उचलून आणण्यासारखं. सगीराची त्याला ना नव्हती. पण तीन वाजेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं तिच्यानं होणार होतं थोडंच! तिनं बाह्या सारल्या, एका गोधडीचे पाच गणवेश उचलले, मोजून अकरा लिटर पाणी घेतलं आणि स्वतःच धुवायला बसली. म्हटलं, रंगीत तालीम करून ठेवावी.

अकरा लिटर पाणी दहा मिनिटांत काळं झालं आणि गणवेश होते तसेच. सगीरानं साबण वाढवला, ब्रशनं घासलं. ग्रीसचा डाग कॉलरपासून खिशापर्यंत पसरला, एवढाच काय तो फरक. आपला हात मोडलाय, सवय सुटली, असं म्हणत तिनं आणखी दहा लिटर घेतलं. मग आणखी दहा. एकतीस लिटरला कुठं कपडा कपड्यासारखा दिसायला लागला.

ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. आजूबाजूच्या बाया खाली माना घालून टाके घालत होत्या, आणि त्या माना जरा जास्तच खाली होत्या.

"कसं धुता गं तुम्ही?" तिनं विचारलं.

एकीची सुई बोटात शिरली, तेवढंच.

सगीरा हजेरीचं आणि मालाचं रजिस्टर घेऊन बसली, उठली, पुन्हा बसली. धुणाऱ्या बारा जणी, आणि प्रत्येकीची अर्ध्या दिवसाची सूट आपापल्या नळाच्या दिवशी. त्यात नवल नव्हतं. नवल पुढच्या रकान्यात होतं. धुतलेल्या मालाचे मोठे गठ्ठे नेमके त्या-त्या सुटीनंतर लगेच जमा झालेले. दर खेपेला, सहा महिने. तिनंच रोज सही केलेली पानं होती ती, आणि तिनंच कधी आडवी नजर टाकून वाचली नव्हती.

तिनं रजिस्टर मिटलं आणि रस्त्यावर धावली. रिक्षा थांबायच्या आत ती रिक्षात बसली.

मुकुंदवाडीत आशाबाईच्या गल्लीत पोचली तेव्हा नळाची जत्रा भरात होती. दारोदारी निळे ड्रम, हंडे, कळशा, रंगाच्या डब्यांच्या बादल्या. आणि आशाबाईच्या ओट्यावर दोन ड्रमांच्या मध्ये, पाटावर बसून, आशाबाई आणि तिची सून शेंद्र्याचे गणवेश आपटत होत्या. शेजारच्या ओट्यावर गटातली दुसरी बाई, तिच्यापुढंही निळ्या गणवेशांचा ढीग. काळा फेस गल्लीच्या उघड्या गटारातून पुढं चालला होता. आशाबाईचा नवरा, कडूबा, पिळलेले कपडे दोरीवर टाकत होता.

चोरी सापडली की माणसाचा चेहरा पडतो. आशाबाईचा खुलला.

"अगं बया, आपा! या ना, या. सूनबाई, च्या टाक."

"आशाबाई, हे काय आहे?"

"सोमवारचा लॉट. आज निम्मा उरकंल बगा. घाबरू नका, तीनच्या आत येते मी." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तपासणीला तुमची मान खाली नाय व्हऊ देणार."

"घरी आणून धुता? कधीपासून?"

"लाल टिकली लागली व्हती बगा आमच्या गटाला, दोनदा. लई लाज वाटली. तवाच ठरवलं समद्या जणींनी. संस्थेत नुस्तं भिजवायचं, उरल्यालं घरी. मीटर फिरायला नाय पायजे, मंग काय बी व्हऊ दे."

"आणि घरचं पाणी? नऊ दिवस पुरवायचं असतं ना ते तुम्हाला?"

"पुरवतो की. बायामाणसाला काय सांगायचं पुरवायचं!" आशाबाई हसली. तिची सून हसली नाही. उठून तिनं कडेवर घेतलेल्या पोरीच्या पायांना मळाची पुटं होती, आणि ती पोर ड्रमातल्या स्वच्छ पाण्यात हात घालायला झेपावत होती. सून तिला दर वेळी मागं ओढत होती.

सगीराचा संताप उसळला. "मला विचारलं का कुणी? कुणाच्या परवानगीनं संस्थेचे कपडे घरी आणले?"

आता आशाबाईचं हसू मावळलं. तिला खरंच कळेना, आपा रागावल्या कशापायी. "आता गं बाई! परवानगी कसली? तुम्ही बी तर नेता की घरी. दर गुरुवारी दोन. सँपलच्या. आमी बगतो ना. तुमच्या सासूबाई किती मऊ धुतात, तुम्हीच सांगितलं व्हतं."

खरं होतं. हॉटेलवाल्यांना दाखवायच्या गोधड्या लखलखीत हव्यात म्हणून सगीरा दर गुरुवारी दोन घरी न्यायची, आणि अम्मी त्या रिठ्याच्या पाण्यात धुऊन द्यायची. पण ते पाणी सगीरानं कधी वहीत धरलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. मनातच आलं नव्हतं. घरचं पाणी ते, त्याचं काय मोजायचं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा हातात घेऊन सहा महिने मिरवली कोण, तर हीच बाई.

तिनं चहा घेतला नाही. आशाबाईला त्याचं फार वाईट वाटलं.

शेडवर येईपर्यंत अडीच झाले होते. प्रेरणा नवी कुर्ती घालून, कागदांची चळत नीट करत बसलेली. सगीरानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना खुर्चीची पाठ धरली, सोडली, पुन्हा धरली. प्रेरणाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"बसा ना, आपा."

"बसवत नाही."

"मग उभ्यानं ऐका. आपण उद्यापासून सगळं बंद करू. घरी एक चिंधी जाणार नाही. पण आज गप्प बसा. तीन हजार गोधड्या आहेत. त्रेचाळीस बायांचं वर्षाचं काम आहे. आज बोललात तर त्याच बायांच्या पोटावर पाय येईल, ज्यांच्या पाण्याचं तुम्हाला वाईट वाटतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. म्हणूनच सगीराला जास्त अस्वस्थ वाटायला लागलं. खोटं बोलणारं माणूस वाईट असतं तर बरं असतं. त्याच्यावर ओरडता येतं. प्रेरणा वाईट नव्हती. रात्रंदिवस खपून तिनं हे उभं केलं होतं. सगीरा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिली. टाके घालणाऱ्या बायांच्या नजरा तिच्या मागं-मागं फिरत होत्या.

तीनला पाच कमी असताना तपासनीस आला. प्रणय त्याचं नाव, पुण्याचा, तिशीतला, उन्हानं लालबुंद झालेला आणि वागायला गोड. धुणं बघायला वेळ नाही म्हणाला, संध्याकाळची गाडी पकडायची होती. मीटर पाहिला, वही पाहिली, टँकरच्या पावत्या पाहिल्या. सगळं लिटरला लिटर जुळलं. भिंतीवरच्या टिकल्यांचा तर त्यानं कौतुकानं फोटो काढला.

"फारच छान. इतकं चोख काम मी मोठ्या कारखान्यांतसुद्धा पाहिलेलं नाही." त्यानं फॉर्म पुढं सरकवला. "उत्पादनप्रमुखांची सही. वरील आकडे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत, एवढंच."

सगीरानं पेन घेतलं. प्रेरणा तिच्याकडं बघत नव्हती, आणि न बघण्यासाठी फार कष्ट घेत होती.

"सर," सगीरा म्हणाली, "मीटरच्या बाहेर पण पाणी आहे आमचं."

आणि तिनं सांगून टाकलं. मुकुंदवाडी, ड्रम, नळाचा दिवस, आणि स्वतःच्या घरची रिठ्याची बादली.

प्रणयनं शांतपणे ऐकलं. मग तो जे बोलला, त्याची तिनं तयारीच केलेली नव्हती.

"मॅडम, तुम्ही उगाच घाबरलात. आमच्या पद्धतीत एक हद्द असते. संस्थेच्या आवारात जे पाणी वापरलं, ते मोजायचं. बायकांनी आपणहून घरी काही केलं, ते हद्दीच्या बाहेर. कुणी सक्ती केली नव्हती ना?"

"नाही, नाही," प्रेरणा पटकन म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता. "कुणीच सांगितलं नव्हतं."

"मग अकराचा आकडा बरोबर आहे. करा सही."

म्हणजे प्रश्नच मिटला. खरं बोलूनही काही बिघडलं नव्हतं. सगीराला हलकं वाटायला हवं होतं. पण तिला ती गल्ली आठवली, ड्रमाकडं झेपावणारी पोर आणि तिला मागं ओढणारा हात. खरं सांगूनही ते कागदावर येणार नव्हतं. उद्या धुणं बंद केलं तरी परवा दुसरा आकडा येईल, बाया तो पुन्हा पदरात घालून घरी नेतील, आणि कुठल्यातरी हद्दीच्या बाहेर तो जिरून जाईल. कुणीच सांगितलं नव्हतं? भिंतीवर लाल टिकली लावली ती काय होती?

"तुमच्या फॉर्ममध्ये घराचा रकाना नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग इथंच लिहिते." तिनं अकरावर रेघ ओढली आणि शेजारी एकतीस लिहिलं. खाली सही केली, मराठीत, पूर्ण नाव. "सकाळी मी स्वतः धुऊन पाहिलंय. पहिल्या वर्षी आम्ही तीस वापरत होतो. म्हणजे वाचलं काहीच नाही. उलट एक लिटर जास्तच."

प्रणयनं फॉर्म स्वतःकडं ओढून ती रेघ पाहिली. "असं लिहिल्यावर मला पास करता येणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. मी... तुमच्या भल्याचं सांगत होतो."

"माहीत आहे, सर. गाडी पकडा तुम्ही."

तो गेल्यावर प्रेरणा ओरडली नाही. तिनं लॅपटॉप बंद केला आणि एवढंच म्हणाली, "त्रेचाळीस बायांना तुम्हीच सांगा, आपा. माझ्यात हिंमत नाही."

सांगावं लागलंच. चार वाजता, नळ लांबल्यामुळं उशीर झालेली आशाबाई धुतलेल्या गणवेशांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन, घामाघूम, हसत दारात उभी राहिली आणि ऐकता ऐकता तिनं गठ्ठा खाली टाकला.

"आपा, आमी काय तक्रार केली व्हती का तुमच्याकडं? पाणी आमचं, हात आमचे. तुम्हाला कुणी पंच नेमलं?" तिचे डोळे भरून आले. "इतकं राबलो, तर मान आमचीच खाली घातली!"

उद्यापासून सगळं धुणं शेडमध्ये होईल, मीटर कितीही फिरू दे, लहान गिऱ्हाइकं शोधू, तेलकट माल निम्मा करू, असं सगीरा बोलत राहिली. कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. जाताना तिनं तक्त्यावरच्या टिकल्या एकेक करून काढल्या. नखात अडकल्या तेवढ्या तशाच घेऊन ती घरी निघाली.

रिक्षात तिनं दहा वेळा स्वतःला विचारलं. बरोबर केलं का? आणि दहा वेळा वेगवेगळं उत्तर आलं. तुम्हाला कुणी पंच नेमलं, हे आशाबाईचं वाक्य कानातून जाईना. त्रेचाळीस चुली आहेत, सगीरा, तू कोण लागून गेलीस? सिटी चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तिला उतरून पळत सुटावंसं वाटलं. कुठं, ते मात्र कळेना.

घरी दिवेलागण होत होती. अम्मी दारातच, बादलीजवळ, भिजवलेल्या रिठ्यांची वाटी घेऊन बसलेली.

"आण, दे सँपल. उजेड हाय तोवर उरकते."

"नाही आणलं, अम्मी."

"विसरलीस?"

"नाही. यापुढं आणणार पण नाही. घरी धुणं बंद झालं."

अम्मीनं रिठ्यांची वाटी बाजूला ठेवली आणि बादलीकडं पाहिलं. मग तिनं सावकाश ओढणी मागं सारली. तेलानं आणि धुळीनं चिकटून गेलेले तिचे पांढरे केस सगीरानं कित्येक महिन्यांत असे उघडे पाहिले नव्हते.

"मंग आज," अम्मीनं जरा संकोचून विचारलं, "ह्या पाण्यानं मी न्हाऊ का?"